लेकरांना उत्तर आधी सांगू नका: शोधातून शिकवायचा पाठ कसा घ्यायचा, टप्प्याटप्प्यानं

शिक्षण परिषदेतला, म्हणजे आम्हा शिक्षकांच्या बैठकीतला, नमुना पाठ आठवा. फळ्यावर मोठ्या अक्षरात 'काळी माती पाणी धरून ठेवते' असं लिहिलेलं, टेबलावर तीन बाटल्या, सर पाणी ओततात, लेकरं माना उंच करून बघतात, मग सर विचारतात "काय दिसलं?" आणि अख्खा वर्ग एका सुरात "काळी माती पाणी धरून ठेवतेऽऽ". टाळ्या वाजतात. टाचणात (पाठाच्या लेखी नियोजनात) लिहिलेलं असतं, इन्क्वायरी बेस्ड लर्निंग, म्हणजे शोधातून शिकणं. आता ह्यात लेकरांनी शोधलं काय? उत्तर तर फळ्यावरच होतं की.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी ते आठवीला विज्ञान शिकवते आणि ही चूक मी स्वतः कितीतरी वेळा केलेली आहे, म्हणून लिहायलेय. ट्रेनिंगमध्ये आपल्याला फाइव्ह ई, म्हणजे इंग्रजी 'ई' नं सुरू होणारे पाठाचे पाच टप्पे, पाठ करून घेतात, गुंतवणं, धुंडाळणं, समजावणं, विस्तारणं, तपासणं. पाचही ई सगळ्यांना पाठ असतात पण वर्गात उभं राहिलं की तिसरा ई पळत पळत पहिल्या नंबरवर येतो, म्हणजे समजावून आधी सांगायचं आणि मग लेकरांना धुंडाळायला लावायचं. सगळा घोळ तिथंच होतो. बाकी सामान, चार्ट, फोटो ह्यानं काही बिघडत नाही, क्रम बिघडला की पाठ गेला.

खाली एकच पाठ पहिल्यापासून शेवटपर्यंत घेऊन दाखवलाय, आपल्या मराठवाड्यातल्या कुठल्याही गावात होईल असा: गावातली कोणती माती किती पाणी धरते. तुमचा विषय वेगळा असला तरी क्रम हाच ठेवा.

आधी हे ठरवा: किती मोकळं सोडायचं

शोधाच्या चार पायऱ्या धरतात. पहिलीत उत्तर आधीच माहीत असतं, फक्त पडताळा घ्यायचा. दुसरीत प्रश्न आणि रीत आपली, उत्तर लेकरांनी काढायचं. तिसरीत फक्त प्रश्न आपला, रीत पण लेकरांनी ठरवायची. चौथीत प्रश्नासकट सगळं लेकरांचं.

नवीन माणूस ट्रेनिंगहून आला की एकदम चौथीवर उडी मारतो. "जा, परिसरात फिरा आणि शोधा." लेकरं फिरतात, दोघं चिंचेच्या झाडावर चढतात, घंटा होते. मग तोच माणूस म्हणतो, हे आपल्या पोरांच्यात चालत नाही. अरे, ज्यांनी आठ वर्षं फक्त फळ्यावरचं उतरवून घेतलं त्यांना एका दिवसात शास्त्रज्ञ कसं व्हायचं? पहिले दोन-तीन पाठ दुसऱ्या पायरीवर घ्या, मग तिसरीवर या. चौथी वर्षातून एखाद्या वेळी जमली तरी लई झालं.

अजून एक, वेळेचं. आमच्याकडं दिवाळी झाली की बराच वर्ग ऊसतोडीला जातो, काही लेकरं हंगामी वसतिगृहात थांबतात, बाकीची आईबापांसोबत कारखान्यावर. त्यामुळं तीन आठवडे चालणारे प्रोजेक्ट दिवाळीआधी संपवा नाहीतर घेऊच नका. दोन तास आणि दुसऱ्या दिवशी सकाळची वीस मिनिटं, एवढ्यात बसणारा पाठ कधीही घेता येतो. हा तसाच आहे.

टप्पा १: प्रश्न निवडा (दोन दिवस आधी)

सगळ्यात जास्त वेळ इथं घाला. प्रश्न चुकला तर पुढचं काहीही दुरुस्त होत नाही.

'का' नं सुरू होणारा प्रश्न ऐकायला भारी वाटतो पण वर्गात तो हाताला लागत नाही. "माती पाणी का धरते?" ह्याचं उत्तर लेकरू बाटली, कात्री घेऊन काढू शकत नाही, ते पुस्तकात किंवा मोबाईलवरच बघणार. तोच प्रश्न असा फिरवा: "आपल्या शिवारातली काळी माती, रस्त्याकडचा मुरूम आणि नदीची वाळू, तिन्हीत सारखंच पाणी ओतलं तर कुणात किती राहील?" आता हे मोजता येतं. 'का' नंतर आपोआप येतो, आणि लेकरांकडूनच येतो.

प्रश्न ह्या चाळण्यांतून काढा:

- उत्तर 'हो' किंवा 'नाही' एवढंच असेल तर बदला. कोणतं, किती, काय बदललं तर काय होईल, असं विचारा.
- वर्गात कमीत कमी दोन वेगळे अंदाज निघायला पाहिजेत. सगळ्यांना एकच उत्तर वाटत असेल तर शोधायचं काही उरलंच नाही.
- सामान शाळेपासून दहा मिनिटांच्या आत मिळायला पाहिजे आणि फुकट.
- कोणत्या अध्ययन निष्पत्तीत (त्या इयत्तेत लेकराला काय यायला पाहिजे ते) बसतं ते टाचणात एका ओळीत लिहा. हे तुमच्या बचावासाठी पण लागतं.

थांबा, तपासा: तुमचा प्रश्न घरातल्या कुणालातरी विचारा. त्यांनी लगेच "हे तर पुस्तकातच आहे" म्हणलं तर प्रश्न अजून कच्चा आहे. "थांब, मला वाटतं वाळूत…" असं सुरू झालं तर चालतंय.

टप्पा २: सामान जमवा आणि आधी स्वतः करून बघा

पाच गटांसाठी कोल्ड्रिंकच्या दोन लिटरच्या पंधरा बाटल्या लागतील. कुणाच्यातरी लग्नानंतर पोत्यानं मिळतात. बाटली मधून कापायची, वरचा भाग उलटा करून खालच्या भागात ठेवायचा, तोंडाला जुन्या सुती कपड्याचा तुकडा रबरानं बांधायचा. सगळ्या बाटल्यांना कापड एकाच साडीचं घ्या, नाहीतर जाड-पातळ कापडानंच फरक पडतो आणि आपण बसतो मातीला दोष देत. बाटल्या तुम्ही स्वतः कापा, ब्लेड लेकरांच्या हातात नको आणि कापलेल्या कडेला चिकटपट्टी लावा.

माती दोन दिवस उन्हात वाळवा. पावसाळ्यात आणलेल्या मातीत आधीच पाणी असतं, मग मोजलेलं सगळं खोटं. काळीची ढेकळं फोडून बारीक करा. मुरूम मात्र चाळू नका, चाळला की तो मुरूम राहत नाही.

मापासाठी खालच्या भागाला बाहेरून कागदाची पट्टी चिकटवा, औषधाच्या दहा मिलीच्या टोपणानं दोन-दोन टोपणं पाणी ओतत जा आणि दर वेळी रेघ मारा. बाटलीचा बूड वाकडातिकडा असतो त्यामुळं खालच्या रेघा सारख्या अंतरावर येत नाहीत, येऊ द्या, त्याच बरोबर आहेत. मात्र प्रत्येक बाटलीची पट्टी वेगळी, एकीची दुसरीला लावू नका. मातीसाठी किराणा दुकानातून काटा आणा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हे सगळं आदल्या दिवशी एकदा स्वतः करून बघा. मी पहिल्या वर्षी केलं नव्हतं. काळी माती ढेकळांसकट भरली होती, पाणी ओतलं आणि ते सगळं ढेकळांच्या फटीतून आणि बाटलीच्या कडेकडेनं दोन मिनिटांत खाली. वाळूच्या आधी! वर्ग गप. पुढच्या बाकावरची एक लेक म्हणली, "मॅडम, काळीत तर पाणी थांबतच नाही की." आणि मी काय केलं? म्हणलं, प्रयोग चुकलाय, पुस्तकात काय लिहिलंय ते बघा आणि वहीत उतरवा. तिनं मुकाट्यानं उतरवून घेतलं. खरं तर तिला तिथंच विचारायला पाहिजे होतं की पाणी कुठून गेलं बघ बरं. उन्हाळ्यात रानाला भेगा पडतात आणि पहिला पाऊस त्या भेगांतून सरळ खाली जातो, हे ज्या लेकरांनी डोळ्यांनी बघितलंय त्यांना त्या दिवशी बाटलीत तेच दिसत होतं. मीच ते पुसून टाकलं.

चूक टाळा: स्वतः करून बघायचं ते उत्तर पक्कं करायला म्हणून करू नका. कुठं सांडतं, कुठं गळतं, किती वेळ लागतो हे कळायला करा. २०० ग्रॅम माती आणि २०० मिली पाणी घेतलं तर वाळू काही मिनिटांत मोकळी होते, काळी मात्र रात्रभर ठिबकत राहते. हे आधी माहीत नसेल तर एका तासाचं नियोजन करून तुम्ही फसणार.

टप्पा ३: गट पाडा

चार-चार जणांचे गट. सहाच्या गटात दोघंजण फक्त बघतात. कामं वाटून द्या: सामान सांभाळणारा, मोजणारा, लिहिणारा, बोलणारा. प्रत्येक पाठाला कामं फिरवा आणि वहीत टिपून ठेवा कुणाला कोणतं दिलं होतं ते, कारण आपण न ठरवता सोडलं की दर वेळी एकच होतं, पोरं बाटल्या धरतात आणि पोरींना "तुझं अक्षर चांगलं आहे" म्हणून लिहायला बसवतात. वर्षाच्या शेवटी बघितलं तर पोरीनं एकदा पण पाणी ओतलेलं नसतं.

हुशार लेकरं एका गटात गोळा झाली तर तो गट दहा मिनिटांत संपवून बाकीच्यांना उत्तर सांगत फिरतो. विखरून टाका.

सामान अजून द्यायचं नाही! बाटल्या हातात पडल्या की कान बंद होतात. पुढचे दोन टप्पे सामान कपाटात ठेवूनच.

टप्पा ४: अंदाज लिहून घ्या

प्रश्न फळ्यावर लिहा, तीन मातीचे ढीग कागदावर समोर मांडा, हात लावू द्या. मग प्रत्येकानं स्वतःच्या वहीत लिहायचं: सगळ्यात जास्त पाणी कुणात राहील, आणि मला असं कशावरून वाटतं. पेनानंच लिहायचं, पेन्सिलनं नाही, नंतर खोडून बरोबर करतात. आधी लिहायचं, मग बोलायचं. उलटं केलं तर पहिल्या पोराचं ऐकून सगळे तेच लिहितात.

आता तुमच्या तोंडाला कुलूप. ह्या टप्प्यात 'बरोबर', 'चूक', 'शाब्बास' तिन्ही शब्द बंद. शाब्बास म्हणलं की उत्तर फुटलं. चेहऱ्यावर पण दिसू देऊ नका, लेकरं आपला चेहरा पुस्तकापेक्षा चांगला वाचतात. फक्त दोन वाक्यं वापरा: "तुला असं कशावरून वाटतं?" आणि "आणखी कुणाला वेगळं वाटतं का?"

आमच्या वर्गात असं झालं:

"वाळूत जास्त ऱ्हाईल."

"कशावरून रे?"

"नदीत उन्हाळ्यात झिरा खांदला की पाणी लागतंय. वाळूतच असतंय की ते."

पाच-सहा माना डोलल्या. आता पुस्तकाच्या हिशोबानं हे चूक आहे, आणि माझ्या जिभेवर आलं पण होतं. पण बघा, पोरानं पुरावा दिलाय, स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेला, आणि तो खोटा नाहीये. ह्याला चूक म्हणलं असतं तर पुढं वर्षभर त्यानं तोंड उघडलं नसतं. मी फळ्यावर लिहिलं: 'वाळू, कारण झिऱ्यात पाणी लागतं.' त्याच्या खाली दुसऱ्याचं: 'काळी, कारण पावसानंतर चार दिवस रानात पाय घालता येत नाही.' दोन्ही तशीच ठेवली.

आणि प्रश्न विचारल्यावर थांबा. मेरी बड रो ह्या अमेरिकन संशोधक बाईंनी १९७० च्या दशकात वर्गांतलं बोलणं रेकॉर्ड करून मोजलं होतं, तर शिक्षक प्रश्न विचारून सरासरी एक सेकंद थांबतात आणि लगेच दुसऱ्याला विचारतात किंवा स्वतःच उत्तर देतात. तेच तीन सेकंद थांबलं की उत्तरं लांब येतात आणि एरवी गप्प बसणारी लेकरं पण बोलायला लागतात. मी मनातल्या मनात 'एक उडीद, दोन उडीद, तीन उडीद' म्हणते. पहिल्यांदा तीन उडीद म्हणजे तीन वर्षं वाटतात.

थांबा, तपासा: वर्गात दोन वेगळे अंदाज कारणासकट फळ्यावर आलेत का? एकच आला असेल तर सामान काढू नका, अजून विचारा.

टप्पा ५: रीत ठरवा, भांडण होऊ द्या

आता विचारा, "तिघींची शर्यत लावायची आहे, कुणावर अन्याय व्हायला नको, तर काय काय सारखं ठेवायचं?" लेकरं भराभर सांगतात: पाणी सारखं, माती सारखी, कापड सारखं, बाटली सारखी. बदलायची गोष्ट एकच, मातीचा प्रकार. फळ्यावर दोन रकाने करा, 'बदलणार' आणि 'सारखं ठेवणार'. 'चल' (बदलणारी गोष्ट), 'नियंत्रित चल' (सारखी ठेवलेली गोष्ट) हे पुस्तकी शब्द अजून आणू नका.

"माती सारखी" म्हणजे काय ह्यावर हमखास भांडण लागतं. वजनानं सारखी का पेल्यानं सारखी? पेलाभर वाळूचं वजन आणि पेलाभर भुसभुशीत काळीचं वजन वेगळं भरतं. हे भांडण पाच मिनिटं चालू द्या, ते वाया जाणारं नाहीये, उलट अख्ख्या पाठातला सगळ्यात भारी भाग मला हाच वाटतो. दोन्ही पद्धती चालतात, फक्त सगळ्या गटांनी एकच घ्यायची. आम्ही वजन घेतलं, २०० ग्रॅम.

काळी किती दाबायची हे पण आताच ठरवा. बाटली बाकावर तीनदा हलकीशी आपटायची, तिन्ही बाटल्या तेवढ्याच. ढेकळांचा माझा धडा आठवतोय ना.

टप्पा ६: करा, आणि बघितलेलंच लिहा

आता सामान द्या. पाणी सावकाश, बाटलीच्या मधोमध ओतायचं, कडेनं नाही. पहिला थेंब कधी पडला, पाच मिनिटांनी किती, पंधरा मिनिटांनी किती, तासाच्या शेवटी किती, आणि दुसऱ्या दिवशी परिपाठानंतर किती. तक्ता लेकरांनी आधीच आखलेला पाहिजे, पाणी ओतल्यावर पट्टी शोधत बसायचं नाही.

तुम्ही ह्या वेळात फिरायचं. फिरताना हात पाठीमागं. कुणाची बाटली कलंडली तरी लगेच धरू नका, सांडलं तर सांडलं, "आता काय करायचं?" एवढं विचारा. बहुतेक गट स्वतःच म्हणतात, परत करू.

लेकरं 'बघितलेलं' आणि 'वाटलेलं' एकात मिसळतात, हे इथं सुधारायचं असतं. "काळीनं पाणी पिऊन टाकलं" हे वाटलेलं. "पंधरा मिनिटांत काळीतून ४० मिली खाली आलं आणि वर अजून पाणी दिसतंय" हे बघितलेलं. तक्त्याच्या शेजारी 'वाटलेलं' चा वेगळा रकाना द्या, बंद करू नका, नंतर लागतो.

बाटल्या रात्रभर ठेवताना एका पोरीनं विचारलं, "मॅडम, रातीतून पाणी उडून गेलं तर?" मी हा विचार केलेलाच नव्हता. मग सगळ्या बाटल्यांवर खिचडीच्या ताटल्या पालथ्या घातल्या. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या आत परत धुऊन द्या, नाहीतर स्वयंपाकीण मावशी पुढच्या वेळी हात लावू देणार नाहीत.

चूक टाळा: एखाद्या गटाचं माप बाकीच्यांपेक्षा भलतंच आलं तर ते खोडायला लावू नका. आमच्या पाच गटांत काळीतून खाली आलेलं पाणी चार गटांत ६५ ते ८० मिलीच्या दरम्यान आणि एका गटात १२० आलं. तो १२० पुढच्या टप्प्यात लागणार आहे.

टप्पा ७: आकडे समोर ठेवून बोलायचं

बहुतेक पाठ इथं ढेपाळतात. प्रयोग झाला, मजा आली, घंटा झाली, "चला, उद्या पुढचा धडा". म्हणजे हात भिजले आणि डोकं कोरडं. अर्धा तास ह्यासाठी राखून ठेवाच, प्रयोग थोडा कमी झाला तरी चालेल.

सगळ्या गटांचे आकडे फळ्यावर एका तक्त्यात लिहा. फळ्याच्या कोपऱ्यात हे अर्धवट वाक्य: "आम्ही म्हणतो की ___, कारण आम्हाला ___ दिसलं, आणि ते असं होत असेल की ___." प्रत्येक गटानं हे पूर्ण करून सांगायचं. पहिला भाग दावा, दुसरा पुरावा, तिसरा कारण. लेकरं दावा झटकन सांगतात, पुराव्याच्या जागी "कारण काळी माती चांगली असते" म्हणतात. तिथं परत आकड्याकडं बोट दाखवा.

मग त्या १२० वाल्या गटाकडं या. "ह्यांचं चुकलं" असं वर्ग ओरडतो. तुम्ही म्हणा, चुकलं का वेगळं झालं? काय वेगळं झालं असेल? त्या गटानंच सांगितलं की बाटली आपटायची विसरली होती आणि कडेला फट दिसत होती. लगेच मागून एकजण, "भेगातून गेलं की मग. आमच्या रानात बी तसंच जातंय." मी दोन वर्षांपूर्वी गमावलेलं वाक्य ते, असं परत आलं.

झिऱ्यावाल्या पोराला विसरू नका. आकडे बघून तो म्हणला, "वाळूत कमी ऱ्हायलं हे खरंय, पण झिऱ्यात पाणी लागतंय हे बी खरंय." बरोबर बोलतोय. जबरदस्तीनं त्याचं मन वळवायला जाऊ नका. फळ्यावर 'उरलेले प्रश्न' असा कोपरा करा आणि त्यात लिहा.

ज्याचा अंदाज चुकला त्याची वही बघून "काय बदललं तुझं?" विचारा. अंदाज चुकणं ह्यात लाज वाटू नये म्हणून मी स्वतःचा एक चुकीचा अंदाज पण आधीच लिहून ठेवते. (मुरूम आणि वाळूत मला लई फरक येईल वाटलं होतं, आला नाही.)

टप्पा ८: आता शब्द, आता पुस्तक

आता बिनधास्त शिकवा. हा टप्पा गाळायचा नसतो, काहीजण समजतात शोधातून शिकणं म्हणजे सरांनी काहीच सांगायचं नाही, तसं केलं की लेकरांच्या डोक्यात अर्धवट राहतं. पंधरा मिनिटं फळा तुमचा. काळीचे कण फार बारीक, त्यामुळं त्यांच्यातल्या जागा बारीक आणि पाण्याला चिकटायला पृष्ठभाग जास्त, म्हणून पाणी अडकून राहतं. वाळूचे कण मोठे, जागा मोठ्या, पाणी निसटतं. काळीतली चिकणमाती भिजली की फुगते आणि वाळली की आकसते, म्हणून भेगा. आता 'जलधारण क्षमता' हा शब्द द्या. ज्या गोष्टीला लेकरं कालपासून "पाणी धरायची ताकद" म्हणतायत तिला नाव मिळालं की ते विसरत नाहीत.

मग पुस्तक उघडा आणि वाचायला सांगा: आपल्या आकड्यांशी काय जुळतं, काय जुळत नाही, पुस्तकात काय सांगितलेलंच नाही.

टप्पा ९: कळलं का, ते तपासा

'जलधारण क्षमता म्हणजे काय' ही व्याख्या विचारू नका, ती पाठ होते. नवीन प्रसंग द्या: "मामाच्या शेतात मुरमाड जमीन आहे, आपल्या काळीत सात दिवसांआड पाणी देतात, मामानं कसं द्यावं आणि कशावरून?" चिठ्ठीवर दोन-तीन ओळी. चिठ्ठ्यांचे तीन ढीग करा: पुरावा दिलेला, फक्त उत्तर दिलेलं, आणि गोंधळलेलं. तिसऱ्या ढिगाला दुसऱ्या दिवशी दहा मिनिटं द्या. आकारिकच्या (वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनाच्या) नोंदीत 'सहभाग चांगला' असं गुळमुळीत लिहिण्यापेक्षा लेकराचं एक वाक्य जसंच्या तसं लिहा, 'रातीतून पाणी उडून गेलं तर?' हे वाक्य कुठल्याही श्रेणीपेक्षा जास्त सांगतं.

बाकी विषयांत

क्रम तोच. गणितात: २४ काड्यापेटीच्या काड्या सगळ्या वापरून आयत करा, सगळ्यात मोठी जागा कोणत्या आयतात मावते? अंदाज आधी, काड्या नंतर, परिमिती-क्षेत्रफळ हे शब्द शेवटी.

इतिहासात: १९७२ चा दुष्काळ आणि २०१६ चा दुष्काळ, कशाची टंचाई कोणत्या वेळी जास्त होती, धान्याची का पाण्याची? घरातल्या आजी-आजोबांना विचारून यायचं. बहात्तरचं विचारलं की सुकडी (दुष्काळात वाटलेलं पौष्टिक पीठ), मिलो (परदेशातून आलेली लाल ज्वारी), दुष्काळी कामावर फोडलेली खडी निघते, आणि २०१६ चं विचारलं की टँकरची लाईन आणि मिरजेहून लातूरला रेल्वेनं आलेलं पाणी. इथं पुरावा म्हणजे माणसांचं बोलणं, म्हणून एकाच घरातलं ऐकून दावा करायचा नाही, कमीत कमी तीन घरं. आणि दोन आज्जींचं जुळलं नाही तर त्यातलं एक खोडायचं नाही, १२० सारखंच.

भाषेत शुद्धलेखनाचे नियम असे शोधायला लावू नका, मी लावले होते, लेकरांनी तीन नियम शोधले आणि तिन्ही चुकीचे. काही गोष्टी सरळ सांगून टाकलेल्याच बऱ्या.

तपासणीला कुणी साहेब आले तर

आवाज असणारच. टाचणात प्रश्न, निष्पत्ती आणि आज कितवा टप्पा चाललाय एवढं लिहिलेलं असलं की बोलायला जागा राहते. आणि साहेबांनी एखाद्या लेकराला "उत्तर काय?" विचारलं आणि ते चौथ्या टप्प्यावर असेल तर ते "अजून माहीत नाही" म्हणणार. आधीच सांगून ठेवा साहेबांना, नाहीतर लेकराला बोलणी बसतात.

टप्पा १०: उरलेल्या प्रश्नातून पुढचा पाठ

'उरलेले प्रश्न' चा कोपरा पुसू नका, कार्डशीटवर उतरवून भिंतीला लावा. पुढचा पाठ त्यातूनच निवडा आणि परत टप्पा १ च्या चाळण्यांतून काढा. आमच्या भिंतीवर आत्ता आठ आहेत, त्यातले पाच 'का' वाले, ते अजून फिरवायचेत. झिऱ्याचा मात्र फिरवून झाला: वाळूच्या खाली पाणी जायला वाटच नसेल तर ते कुठपर्यंत चढतं? लेकरांना सांगितलंय सोमवारी परत बाटल्या आणा, ह्यावेळी बुचासकट.